मिरगाआधी लेझरचे सेल काढून ठेवा

मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत हातातल्या लेझरचा डायोड, म्हणजे उजेड देणारा भाग, सहसा टिकतो. आधी गंजते ती सेलखालची स्प्रिंग. मग उजेड लुकलुकतो आणि लोक उगाच डायोड बदलतात.

१. सगळे सेल बाहेर काढा.
२. स्प्रिंगचं टोक खोडरबराने घासा, टोपीचे आटे कोरड्या ब्रशने झाडा.
३. लेझर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. बुटांच्या खोक्यातल्या पुड्याही चालतात. तांदूळ नको, त्याची पूड लेन्सवर बसते.
४. प्रत्येक लेझरवर चिठ्ठी लावा: लाल ६५०, हिरवा ५३२, जांभळा ४०५ नॅनोमीटर.

चिठ्ठी हौसेची नाही. संरक्षक गॉगल तरंगलांबीप्रमाणे, म्हणजे चिठ्ठीवरच्या नॅनोमीटरच्या आकड्याप्रमाणे, वेगळा लागतो. लाल लेझरचा गॉगल जांभळ्याला चालेलच असं नाही.