डीपीटीच्या विद्यार्थ्यांनी टाळायच्या चुका: हँडबुकावरची सही आणि वेळेवर न बोलण्याची किंमत

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट, म्हणजे आपल्याकडचे फिजिओथेरपिस्ट, होण्यासाठी आज 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी' म्हणजेच डीपीटी ही पदवी घ्यावी लागते. पूर्वी हेच शिक्षण पदवी आणि पदव्युत्तर पातळीवरही मिळत असे. मात्र या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या 'कॅप्टी' या आयोगाने २०१६ पासून व्यवसायात प्रवेश देणारी पदवी म्हणून डीपीटीच बंधनकारक केली. अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांचा असतो आणि त्याच्या पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याकडून एका जाडजूड हँडबुकाच्या शेवटच्या पानावर सही घेतली जाते. बहुतेक जण ती सही बँकेच्या फॉर्मवर करावी तशी, मजकूर न वाचता करून मोकळे होतात.

मी अनेक वर्षे क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे खऱ्या रुग्णांवर काम करताना देखरेख करणारी शिक्षिका, म्हणून या विद्यार्थ्यांना शिकवत आले आहे, आणि माझ्या अनुभवात अडचणीत येणारा विद्यार्थी अभ्यासात कच्चा असतो असे क्वचितच घडते. त्याला नियम माहीत नसतो, किंवा माहीत असूनही अडचण आल्यावर तो मूग गिळून बसतो. आपल्याकडे शिक्षकांसमोर गप्प राहणे हा आदर समजला जातो, तर इथे त्याच गप्प राहण्याला 'व्यावसायिक वर्तनातील त्रुटी' म्हणतात आणि ती गुणपत्रिकेत उतरते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका याच एका मुळातून फुटलेल्या आहेत.

पदवी ओळखण्यातच चूक

महाराष्ट्रात साडेचार वर्षांची बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी पूर्ण करून अमेरिकेत येणाऱ्यांनी आधी एक फरक नीट समजून घ्यावा. डीपीटी ही व्यवसायात प्रवेश देणारी पदवी आहे, तर 'ट्रान्झिशनल डीपीटी' ही आधीच फिजिकल थेरपिस्ट असलेल्यांसाठीची वाढीव पदवी आहे. कॅप्टीची मान्यता या दुसऱ्या प्रकाराला नसते. केवळ ती घेतल्याने परवान्याची परीक्षा देण्याचा हक्क मिळत नाही. परदेशात शिकलेल्यांना आपल्या मूळ शिक्षणाचे मूल्यमापन वेगळे करून घ्यावेच लागते. फी भरल्यावर हे कळलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून हा मुद्दा सर्वांत आधी लिहिला.

सही केली, पण कशावर?

हँडबुकात दोन प्रकरणे अशी असतात की ती पेन्सिल हातात घेऊन वाचावीत. पहिले प्रकरण पुढच्या सत्रात जाण्याच्या अटींचे. बहुतेक ठिकाणी एकूण सरासरी (४.० पैकी) ३.० च्या खाली गेली की विद्यार्थी 'प्रोबेशन'वर, म्हणजे सुधारणेच्या ताकिदीवर, जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सगळी तुकडी एकाच क्रमाने पुढे सरकते आणि प्रत्येक विषय सहसा वर्षातून एकदाच शिकवला जातो. त्यामुळे शरीररचनाशास्त्रात नापास झालेल्याला तो विषय पुढच्या सत्रात बाजूला घेऊन देण्याची सोय नसते. त्याला बहुधा वर्षभर थांबून पुढच्या तुकडीत सामील व्हावे लागते. आपल्याकडच्या 'एटीकेटी'ची सवय असलेल्यांना हे फार उशिरा उमगते. म्हणून पहिल्या चाचणीत गुण घसरले की त्याच आठवड्यात सल्लागार प्राध्यापकांना भेटावे. सत्राच्या चौदाव्या आठवड्यात ते तुमचे सांत्वन करू शकतील, पण त्याहून जास्त त्यांच्याही हातात काही उरलेले नसते.

दुसरे प्रकरण 'इसेन्शियल फंक्शन्स'चे, म्हणजे या कामासाठी आवश्यक क्षमतांचे, असते. रुग्णाला उचलताना लागणारी ताकद, स्पर्शाने ओळखण्याची क्षमता, तासन्‌तास उभे राहणे, ताणाखाली निर्णय घेणे अशा गोष्टी, सवलतीसह किंवा सवलतीशिवाय, आपण करू शकतो असे विद्यार्थी इथे लिहून देतो. यातले 'सवलतीसह' हे शब्द शोभेचे नाहीत. १९७३ चा पुनर्वसन कायदा आणि १९९० चा अपंगत्वविषयक कायदा यांमुळे विद्यापीठाला वाजवी सवलत द्यावी लागते. मात्र ती विद्यार्थ्याने स्वतः, अपंगत्व सेवा कार्यालयात, कागदपत्रांसह मागायची असते आणि ती मागील परीक्षेला लागू होत नाही. पाठीचे दुखणे, लक्ष एकाग्र न होण्याचा विकार किंवा नैराश्य लपवून परीक्षा द्यायची आणि नापास झाल्यावर ते सांगायचे, ही चूक आपली मुले 'लोक काय म्हणतील' या भीतीने फार करतात. ती माहिती गोपनीय राहते आणि निदान काय आहे हे वर्गशिक्षकाला सांगण्याची गरजही सहसा नसते.

प्रॅक्टिकलमध्ये सुटलेला ब्रेक

लेखी परीक्षेत एक उत्तर चुकले तर एक गुण जातो, पण प्रॅक्टिकलमध्ये सुरक्षिततेची एक पायरी सुटली तर बाकी सगळे उत्तम करूनही विद्यार्थी नापास होतो. एक नेहमीचा प्रसंग घ्या. डाव्या अंगाचा पक्षाघात झालेल्या रुग्णाला पलंगावरून व्हीलचेअरमध्ये बसवायचे आहे आणि रुग्णाच्या भूमिकेत वर्गातलीच एखादी मैत्रीण आहे. विद्यार्थिनी हात धुते, स्वतःची ओळख करून देते, रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख विचारून खात्री करून घेते, काय करणार आहे ते समजावून संमती घेते. व्हीलचेअर रुग्णाच्या चांगल्या बाजूला, किंचित तिरपी लावते. कमरेला गेट बेल्ट (रुग्णाला धरून आधार देण्याचा पट्टा) बांधून त्यात बोटे सरकवून घट्टपणा पाहते, रुग्णाला पलंगाच्या कडेला आणते, पाय गुडघ्यांच्या मागे घेते, अशक्त गुडघ्याला आपल्या गुडघ्याने आधार देते आणि "तीन म्हटल्यावर उठायचं" असे सांगून मोजायला लागते. चाकाचा एकच ब्रेक लागलेला असतो. दुसऱ्या बाजूचा राहिला आहे हे परीक्षकाला दिसते, आणि परीक्षा तिथेच संपते.

हे कठोर वाटते, पण मला ते योग्य वाटते, कारण खऱ्या रुग्णाच्या बाबतीत सरकलेली खुर्ची म्हणजे मोडलेले खुब्याचे हाड असू शकते. उपाय साधा आहे. सराव मनातल्या मनात न करता मोठ्याने बोलून करावा: "ब्रेक उजवा, ब्रेक डावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला, बूट, बेल्ट." परीक्षेतही तसेच बोलावे. मध्येच चूक लक्षात आली तर 'आता बोललो तर कळेल' असा विचार न करता थांबून, "एक मिनिट, मी दुसरा ब्रेक तपासते," असे स्पष्ट म्हणावे. रुग्ण हलवण्याआधी स्वतःहून केलेली दुरुस्ती अनेक परीक्षक मान्य करतात, मात्र लपवलेली चूक कोणीच मान्य करत नाही. नापास झाल्यास बहुतेक ठिकाणी एकदा पुन्हा परीक्षा मिळते, तिचे गुण अनेकदा उत्तीर्णतेपुरतेच धरले जातात, आणि तिच्यासाठी अर्ज करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते.

प्रयोगशाळेतल्या पोशाखाविषयी थोडे सांगते. एकमेकांचे खांदे, पाठ, मांड्या तपासून शिकायचे असल्याने शॉर्ट्स आणि उघड्या पाठीचे कपडे अपेक्षित असतात. संकोच वाटत असेल तर पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांना सांगावे. चादरीने झाकून घेणे किंवा समलिंगी जोडीदार मिळणे यांसारखा मार्ग बहुतेक वेळा निघतो. न सांगता तासाला दांडी मारणे हा मार्ग नाही, कारण प्रयोगशाळेतली गैरहजेरी सहजासहजी माफ होत नाही.

लसी, बीसीजी आणि इतर कागद

क्लिनिकलला, म्हणजे खऱ्या रुग्णांवरच्या प्रशिक्षणाला, जाण्यापूर्वी हिपॅटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, धनुर्वात यांच्या लसींचे पुरावे, बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) प्रमाणपत्र, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी आणि अनेक ठिकाणी अमली पदार्थांची चाचणी लागते. भारतात जन्मलेल्यांची एक खास अडचण असते. लहानपणी घेतलेल्या बीसीजी लसीमुळे क्षयाची त्वचाचाचणी खोटी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, खुलासे, विलंब असे सत्र सुरू होते. म्हणून सुरुवातीलाच रक्ताची 'इग्रा' चाचणी मागावी. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हिपॅटायटिस बीच्या नेहमीच्या तीन मात्रांना सहा महिने लागतात, तेव्हा ते काम भारतातून निघण्यापूर्वीच उरकावे. गांजाविषयी एकच सांगते: राज्यात तो कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्यात नाही, आणि चाचणीत तो आढळला तर रुग्णालय विद्यार्थ्याला दारातूनच परत पाठवू शकते.

'फक्त कोणती केस आली एवढंच सांग'

सकाळी प्रॅक्टिकल देऊन आलेल्याने दुपारच्या मित्राला केस सांगणे आपल्याला मैत्रीचे लक्षण वाटते. व्हॉट्सअॅपवर मागचे प्रश्न फिरवणे तर आपल्या शिक्षणात इतके रुळलेले आहे की त्यात कोणाला काही गैर दिसत नाही. डीपीटीत हा शैक्षणिक अप्रामाणिकपणा ठरतो, आणि सांगणारा व ऐकणारा दोघेही त्यात दोषी ठरतात.

या बाबतीत आपण जास्त जपून असले पाहिजे, असे मी कळकळीने सांगते. एनपीटीई ही परवान्याची परीक्षा घेणाऱ्या 'एफएसबीपीटी' या महासंघाने जुलै २०१० मध्ये भारत, पाकिस्तान, फिलिपीन्स आणि इजिप्त या देशांतल्या महाविद्यालयांच्या पदवीधरांसाठी परीक्षा थांबवली होती, कारण लक्षात ठेवलेले प्रश्न मोठ्या प्रमाणावर इतरांना पुरवले गेल्याचे पुरावे त्यांच्या हाती आले होते. पुढे त्या पदवीधरांसाठी काही काळ वेगळी परीक्षा ठेवण्यात आली. ज्यांनी एकही प्रश्न कोणाला सांगितला नव्हता, अशा असंख्य मुलामुलींचे दिवस त्यात वाया गेले. म्हणून परीक्षेनंतर कोणी 'काय आलं होतं?' असे विचारले, तर 'सांगू शकत नाही' एवढेच उत्तर द्यावे. मुळात एनपीटीई १२ महिन्यांत तीनदा आणि आयुष्यात सहादाच देता येते. तिथे सांगोवांगीच्या प्रश्नांवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

क्लिनिकलवर मान डोलावणे

कॅप्टीच्या निकषांनुसार किमान ३० आठवडे पूर्णवेळ क्लिनिकल शिक्षण घ्यावे लागते आणि खरी परीक्षा तिथे होते. पहिली चूक ओळख करून देतानाच घडते. गळ्यातल्या पट्ट्यावर 'स्टुडंट' लिहिलेले असले, तरी "मी फिजिकल थेरपीची विद्यार्थिनी आहे, माझ्या इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली तुमच्यावर उपचार करणार आहे," हे तोंडाने सांगावे लागते. विद्यार्थ्याकडून उपचार नाकारण्याचा हक्क रुग्णाला असतो. तो त्याने वापरला तर मनाला लावून घेऊ नये. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या 'पार्ट बी'चा रुग्ण असेल, तर इन्स्ट्रक्टरने त्याच खोलीत राहून उपचार चालवायचे असतात आणि तेव्हा दुसऱ्या रुग्णात गुंतायचे नसते. "मी पाहते, तुम्ही जा," अशी मदत देऊ करणे म्हणजे नकळत बिलाचा नियम मोडायला लावणे होय.

दुसरी चूक माझ्या सर्वांत जास्त अनुभवाची आहे. मी काही समजावून सांगते, विद्यार्थी मान डोलावतो आणि पाच मिनिटांनी रुग्णासमोर अडखळतो. न समजल्याचे सांगणाऱ्याला मी कधी कमी लेखलेले नाही. न समजता रुग्णाला हात लावणाऱ्याला मात्र मला थांबवावेच लागते. प्रत्येक क्लिनिकलच्या मध्यावर आणि अखेरीस विद्यार्थी व इन्स्ट्रक्टर 'सीपीआय' या मूल्यमापनपत्रात स्वतंत्रपणे लिहितात आणि मग दोन्ही शेजारी ठेवून चर्चा होते. तिथे 'चांगले चालले आहे' असे एका ओळीत लिहिणाऱ्याला स्वतःचे मूल्यमापन जमत नाही असा अर्थ निघतो. त्याऐवजी आठवड्यातून दोन प्रसंग वहीत टिपून ठेवावेत: कोणता निर्णय स्वतः घेतला, कुठे मदत लागली. इन्स्ट्रक्टरशी पटतच नसेल, तर शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता महाविद्यालयातील क्लिनिकल शिक्षण संचालकांना फोन करावा. ते त्यांचे कामच आहे.

रुग्णाच्या गोपनीयतेचा 'हिपा' कायदा (१९९६) सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण चूक गणपतीच्या मंडपात होते. क्लिनिकमध्ये येणारे एखादे काका मराठी मंडळाच्या आरतीला भेटतात आणि आपण आपुलकीने विचारतो, "काका, गुडघा कसा आहे?" शेजारी उभ्या असलेल्यांना त्यांच्या शस्त्रक्रियेची बातमी आपण दिलेली असते. नमस्कार करावा, आणि गुडघ्याचा विषय काकांनी स्वतः काढला तरच बोलावे.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर

क्लिनिकल बिनपगारी असले तरी त्यासाठी 'सीपीटी'ची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची) परवानगी लागते का, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून आधी लेखी घ्यावे. पूर्णवेळ सीपीटी एकूण १२ महिने झाली की त्या पातळीवरची 'ओपीटी' (शिक्षणाशी निगडित काम करण्याची वेगळी परवानगी) जाते, म्हणून महिन्यांचा हिशेब स्वतः ठेवावा. विषय गळाल्याने किंवा रजा घेतल्याने पूर्णवेळ नोंदणी सुटणार असेल, तर ती सुटण्यापूर्वी त्या कार्यालयातील अधिकाऱ्याची मंजुरी हवी. नंतर मागितलेली मंजुरी सहसा कामाला येत नाही. घरचे काळजीने विद्यापीठाला फोन करतात, पण १९७४ च्या 'फर्पा' कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय पालकांना गुण किंवा शिस्तभंगाची माहिती सहसा मिळत नाही. तिथे आईबाबांना तुमच्या वतीने बोलता येत नाही.

चूक होऊन गेली असेल तर

रुग्णाचा तोल गेला, भलत्याच रुग्णाच्या नोंदीत मजकूर लिहिला गेला, किंवा फोटोत मागे कोणाचा चेहरा आला, तर त्याच क्षणी इन्स्ट्रक्टरला सांगावे आणि घटनेचा अहवाल त्याच दिवशी भरावा. नोंद खोडू नये. दुरुस्तीची रीत विचारून, तारीख-वेळेसह दुरुस्ती करावी. गुणांविरुद्ध किंवा काढून टाकण्याच्या निर्णयाविरुद्ध अपील करायचे असेल, तर निर्णयाचे पत्र हाती पडल्याबरोबर हँडबुकातील मुदत पाहावी, कारण ती अनेकदा कामकाजाच्या दिवसांत मोजलेली असते आणि उलटून गेली तर कितीही सबळ कारण असले तरी अर्ज वाचला जात नाही. अपिलात भावनिक विनंती न लिहिता, कोणत्या कलमानुसार काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे तारखांसह लिहावे आणि सोबत आधी पाठवलेल्या ईमेल जोडाव्यात.