जुन्या आरसी गाडीत नवं इलेक्ट्रॉनिक्स: आधी बोट लावून बघा, तापतंय कुठं

मार्च लागला की माझ्या दुकानात कूलरच्या मोटारींची थप्पी लागते. नागपूरच्या महाल भागात मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान आहे, पावसाळ्यापर्यंत मान वर करायला फुरसत नसते. यंदा त्या थप्पीवर भाच्यानं एक धुळकट खोकं आणून ठेवलं. आत माझीच हॉर्नेट, टॅमिया या जपानी कंपनीची आरसी, म्हणजे रिमोटवर पळणारी छोटी गाडी. मॉडेल १९८४ चं. माझ्याकडे आली १९९१ मध्ये, मेहुणे मस्कतहून सुटीवर आले तेव्हा. भाचा म्हणाला, "मामा, बेसाकडच्या प्लॉटवर आम्ही पोट्टे रविवारी रेस लावतो. हिच्यात ब्रशलेस टाकून द्या नं."

टाकून दिली (ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली मोटार), पण त्यात दोन महिने गेले आणि एक बॅटरी वाया गेली. तुमच्याही माळ्यावर अशी गाडी पडून असेल तर हे वाचून तुमची बॅटरी तरी वाचेल.

गाडी उघडा आणि बॅटरीपासून मोटारीपर्यंत वायर कशी जाते ते बोटानं चाचपत जा. आरसी रेसिंगच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये चाळीस वर्षांत जे काही बदललं, त्यातलं बरंचसं याच वाटेवर बदललं: वीज चाकापर्यंत पोचायच्या आधी उष्णता होऊन कुठं सांडते, ते एकेक भोक बुजवत गेले. नागपुरात तर हे भोक आधी दिसतं, कारण इथं हवाच मे महिन्यात ४५ अंशाला टेकते.

हॉर्नेटमध्ये पहिली गंमत भेटते ती स्पीड कंट्रोलरची. थ्रॉटलसाठी एक अख्खा सर्व्हो (रिमोटच्या हुकमानं हात फिरवणारी छोटी मोटार), त्याच्या हाताला जोडलेली एक पट्टी, आणि ती पट्टी तांब्याच्या टप्प्यांवरून सरकते. शेवटच्या टप्प्याला बॅटरी थेट मोटारीला, अलीकडच्या टप्प्यांना मधे रेझिस्टर. घरच्या पंख्याचा तो जुना काळा डबा-रेग्युलेटर आठवतो का? पंखा हळू केला की डबा गरम व्हायचा. अगदी तेच. हिशेब करून बघा: पाव ओहमच्या रेझिस्टरमधून १० अँपिअर गेले तर २५ वॅट निव्वळ उष्णता. म्हणजे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न चालू करून गाडीच्या पोटात ठेवल्यासारखं. म्हणून मी तेव्हा वळणावर थ्रॉटल अर्धा धरतच नसे. सोडायचा, नाहीतर पूर्ण दाबायचा. चालवायची सवयसुद्धा रेझिस्टर ठरवत होता!

मग मॉस्फेटवाले (मॉस्फेट म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर आले, ज्याला आता सगळे ईएससी म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या नोव्हाकसारख्या कंपन्यांनी ते रेसिंगमध्ये रुजवले. यात वीज अडवत नाहीत, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. चालू असताना मॉस्फेटचा रोध काही मिलिओहम. तोच हिशेब ५ मिलिओहमवर केला तर १० अँपिअरला अर्धा वॅट. शिवाय थ्रॉटलचा सर्व्हो निघाला, गाडी हलकी झाली.

तेव्हा पहिलं काम हे: तो सर्व्हो, ती पट्टी, ते रेझिस्टर काढा. फेकू नका, माझे दुकानाच्या काचेत आहेत, गिऱ्हाइकं विचारतात. त्या जागी ब्रश्ड आणि ब्रशलेस दोन्ही चालवणारा, ६० अँपिअरचा ईएससी घ्या. पंखा वर तोंड करून बसवा आणि बॉडीला वरून हवा येईल असं भोक ठेवा. डबल टेप लावायच्या आधी चासी स्पिरिटनं पुसा, नाहीतर आपल्या उन्हात टेप सुटते आणि ईएससी वायरीवर लोंबकळतो.

आता प्लग. इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळे हाच भाग घाईत उरकतात. जुन्या बॅटरीला तो पांढरा टॅमिया प्लग असतो. आत पत्र्याच्या बारीक नळ्या, दोन-चार वर्षांत सैल होतात, आणि सैल झाल्या की तिथंच तापतं. माझ्या हॉर्नेटचा प्लग एका बाजूला पिवळा पडून वितळलेला होता. चाळीस वर्षांतली सगळी सुधारणा गाडीत भरा आणि हा प्लग तसाच ठेवा, गाडी बसणारच. त्याऐवजी एक्सटी-६० प्लग लावा, त्याची जोडी बर्डीच्या बाजारात एका प्लेट तर्री पोह्याच्या पैशात मिळते.

सोल्डरिंग असं करा. २५ वॅटचं आयर्न इथं कामाचं नाही. जाड वायर सगळी उष्णता ओढून घेते, टोक गार पडतं आणि सांधा वरून चमकतो, आतून कच्चा राहतो. ६० वॅटचं घ्या, टोक रुंद, छिन्नीसारखं. वायर १४ गेजची, सिलिकॉनच्या आवरणाची. आवरण पाच-सहा मिलिमीटर सोला, तारा पीळ देऊन एकत्र करा, फ्लक्स लावा आणि आधी नुसत्या वायरीला शिसं पाजा. पुरतं पाजलं की तारांचे पीळ दिसतात पण वेगळे होत नाहीत. मग प्लगच्या वाटीत शिसं भरा. वाटी तापवताना प्लगची दुसरी अर्धी जोडी आत घालून ठेवा, म्हणजे प्लास्टिक मऊ झालं तरी पिना जागच्या हलत नाहीत. वाटीतलं शिसं पातळ झालं की वायर आत, आयर्न बाहेर, आणि पाच सेकंद हात दगडासारखा. हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) आधीच वायरीत ओवलेली हवी. (मी तीस वर्षं हे काम करतोय आणि अजूनही दहातून एकदा विसरतो.) बॅटरीकडे नेहमी मादी बाजू, म्हणजे उघड्या पिना एकमेकींना चिकटायचा प्रश्न नाही. आणि बॅटरीच्या दोन वायरी कधीही एकदम सोलायच्या नाहीत. एक पूर्ण करा, झाका, मगच दुसरी.

बॅटरीचं म्हणाल तर तेव्हा निकेल-कॅडमियमचे सहा सेल असत, १.२ व्होल्टचा एक, मिळून ७.२. माझी १२०० मिलिअँपिअर-तासांची होती. घरासमोरच्या शेजाऱ्यांच्या अँबॅसॅडरच्या बॅटरीला चार्जर लावायचा, त्यावर १५ मिनिटांची चावी फिरवायची आणि मधूनमधून सेलवर हात ठेवायचा. कोमट झाले की काढायचे. नंतर निकेल-मेटल हायड्राइड आल्या, तीन हजारांच्या पुढं गेल्या, आणि चार्जरही शहाणे झाले: निकेलचा सेल भरला की त्याचा व्होल्टेज किंचित खाली येतो, तो उतार ओळखून बंद होणारे. आता लिथियम पॉलिमर, म्हणजे लायपो. दोन सेल, ७.४ व्होल्ट, ५००० मिलिअँपिअर-तास.

इथं एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून चार्जरवर चिकटवा: जुना निकेलचा चार्जर लायपोला लावायचा नाही. लायपो भरल्यावर तो उतार येतच नाही. चार्जर वाट बघत भरत राहतो आणि सेल ४.२ व्होल्टच्या पुढं गेला की आगीशी खेळ आहे. प्रत्येक सेल सारखा भरणारा बॅलन्स चार्जरच घ्या, ५००० च्या बॅटरीला ५ अँपिअरपर्यंतच लावा, आणि चार्जिंग चालू असताना जेवायला जाऊ नका. जुना ईएससी ठेवणार असाल तर त्याला लायपो किती रिकामी झाली ते कळत नाही. बॅलन्स वायरीला लावायचा छोटा बझर मिळतो, तो सेलमागे ३.४ व्होल्टला वाजेल असा ठेवा. नव्या ईएससीत कटऑफ (बॅटरी फार उतरायच्या आधी वीज तोडणारी सोय) असतो, फक्त सेटिंग 'लायपो'वर आहे ना ते तपासा. हॉर्नेटवाल्यांनी बॅटरी घेताना गोल कडांची केस मागावी. चौकोनी कोपऱ्यांची त्या जुन्या खाचेत अडकते.

भाच्यानं पहिली लायपो पूर्ण भरून स्कूटरच्या डिक्कीत ठेवली आणि कॉलेजला गेला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. संध्याकाळी बॅटरी काढली तर केस शिवणीवर फाकलेली. मला फोन, "मामा, थोडीशीच फुगली, एक रेस चालेल का?" म्हटलं, बावा, ती अंगणात मातीच्या कुंडीत ठेव आणि लांब हो. दुसऱ्या दिवशी सावकाश रिकामी केली, टोकांना टेप लावली आणि ई-कचऱ्यात दिली. तेव्हापासून आमचा नियम: रेस नसेल तर सेल ३.८ व्होल्टवर, स्टीलच्या डब्यात, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. आमच्याकडे ती माठाशेजारची जागा आहे. बायकोला अजून मान्य नाही.

मोटार हा माझा विषय, म्हणून थोडं लांबेल. जुनी ५४० आकाराची ब्रश्ड मोटार: फिरणाऱ्या आर्मेचरवर तीन दात, त्यावर तांब्याची तार, आणि कम्युटेटरवर घासणारे कार्बन. 'टर्न' म्हणजे एका दातावरचे वेढे. वेढे कमी, तार जाड, वेग जास्त आणि अँपिअरही जास्त. हे वाचून १९९४ साली मी स्वतः २७ वेढे सोडवून १९ घातले, जाड तारेनं. कूलरच्या मोटारीच्या सवयीनं वार्निश मारलं, उन्हात वाळवलं आणि बॅलन्स न करता मैदानात नेली. पहिल्याच लांब सरळ रस्त्यावर करकर आवाज आला आणि गाडी जागीच थांबली. उघडलं तर तार दातावरून सुटून डब्याच्या आत कंगव्यातल्या केसांसारखी. कूलरची मोटार मिनिटाला चौदाशे फेरे घेते, ही पंधरा-वीस हजार. वार्निशचा तो दोष नव्हता.

ब्रश्ड मोटारीत तापणारी तार मधोमध फिरते, तिची उष्णता बाहेर यायला धड रस्ताच नाही. ब्रशलेसमध्ये उलटं: मधे चुंबक फिरतं, तार बाहेरच्या डब्याला लागून स्थिर. उष्णता डब्यात येते, डब्यावरून हवेत. कार्बन नाही, ठिणगी नाही, कम्युटेटर लेथवर घासायची भानगड नाही. तीन वायरींना कधी वीज द्यायची ते ईएससी ठरवतो. आता चुंबक कुठं आहे हे त्याला कसं कळतं? सेन्सरवाल्या मोटारीत तीन हॉल सेन्सर सांगतात, सहा तारांची बारीक केबल असते. बिनसेन्सरची मोटार फिरताना जो उलट व्होल्टेज तयार करते त्यावरून ईएससी अंदाज लावतो. पण उभ्या मोटारीत तो व्होल्टेज नसतो, म्हणून सुटताना गाडी आचके देते. रेस लावायची असेल तर सेन्सरवालीच घ्या. फक्त आपली काळी माती त्या केबलच्या खाचेत पिठासारखी बसते, तेव्हा जोडावर थोडी टेप गुंडाळा.

बसायला अडचण नाही, ५४० आकार तोच, स्क्रूची भोकं २५ मिलिमीटरवर. पण आकडा बघून हुरळू नका. भाच्याला १०.५ टर्नची हवी होती, मी २१.५ ची लावली. हॉर्नेटचा गिअरबॉक्स प्लास्टिकचा आहे आणि मातीवर तेवढाच वेग पुरतो. ब्रश्डच ठेवणार असाल तर '१०४' छापलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर आणा: एक दोन टोकांमधे, बाकीचे दोन प्रत्येक टोकापासून डब्याला. ठिणगीचा खरखराट रिसीव्हरपर्यंत जात नाही.

मोटार ७५ अंशाच्या वर गेली की मी गाडी थांबवतो. हा माझा आकडा. डिसेंबरच्या सकाळी हवा १२ अंश असते, म्हणजे तापायला ६३ अंश हातात. मे महिन्याच्या दुपारी हवा ४४, हातात उरले ३१. तीच गाडी, तीच मोटार, सवलत निम्मी. म्हणून आमची रेस पहाटे साडेपाचला सुरू होते आणि आठला पोहे.

रेडिओचं काम सोपं आहे, कारण इथं नवं सरळ जिंकलं. तेव्हा रेडिओचा चॅनेल ठरवणारे २७ मेगाहर्ट्झचे सहा रंगांचे क्रिस्टल असत. ज्याचा रंग त्याची वेळ. माझा नारिंगी, २७.०९५, आणि संत्र्यांच्या गावात दुसऱ्याचाही नारिंगीच निघायचा. त्यानं ट्रान्समीटर (हातातला रिमोट) चालू केला की माझी गाडी नालीत. आता २.४ गिगाहर्ट्झला रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरशी बांधलेला असतो. दोनच गोष्टी बघा. नवा ईएससी चाकं वळवणाऱ्या सर्व्होला किती व्होल्ट देतो ते वाचा, ७.४ वर ठेवलेला असेल तर ६ व्होल्टचा जुना सर्व्हो जळतो. आणि फेलसेफ (सिग्नल तुटला की गाडी थांबवणारी सोय) लावा: चाकं वर करून गाडी डब्यावर ठेवा, थ्रॉटल थोडा दाबून ट्रान्समीटर बंद करा. चाकं थांबलीच पाहिजेत. रोज चालू करताना ट्रान्समीटर आधी, बंद करताना गाडी आधी.

शेवटी ईएससीला ट्रान्समीटरची ओळख करून द्या: मधला बिंदू, पूर्ण पुढं, पूर्ण ब्रेक, त्याच्या कागदावर लिहिलंय त्या क्रमानं. मग पाच मिनिटं पळवून उलटी करा आणि त्याच वाटेनं बोट फिरवा: प्लग, ईएससी, मोटार. परवा आमच्या हॉर्नेटचा प्लग गार, ईएससी कोमट, मोटार टेम्परेचर गनवर ७९. हॉर्नेटमध्ये लहान पिनियन (मोटारीवरचं दातेरी चाक) लावायला फारसा वाव नाही (तुमच्या गाडीत असेल तर तेच करा), म्हणून ट्रान्समीटरवरूनच थ्रॉटलची हद्द १०० वरून ८५ टक्क्यांवर आणली. पुढच्या फेरीला ७१. भाचा कुरकुरला, सरळ रस्त्यावर दोघं पुढं गेले म्हणून. पावसात त्या प्लॉटचा चिखल होतो, तेव्हा आता दिवाळीनंतर परत १०० वर नेऊ.