व्हाइल लूपमध्ये कंटिन्यू वापरताना आधी आय वाढवा

सी भाषेत ब्रेक हा लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) तिथेच संपवतो, तर कंटिन्यू फक्त चालू फेरीचा उरलेला भाग सोडून देतो. चुका होतात त्या बारकाव्यांत.

फॉर लूपमध्ये कंटिन्यू आला की आय प्लस प्लस होऊनच, म्हणजे फेऱ्या मोजणारा आय एकने वाढूनच, अट तपासली जाते. व्हाइलमध्ये मात्र उडी थेट अटीवर जाते. आय वाढवणारी ओळ कंटिन्यूच्या खाली असेल तर कंटिन्यू झालेल्या फेरीत ती चालत नाही आणि प्रोग्राम अडकतो. उदाहरणार्थ, १ ते १० मधला ५ वगळायचा असेल, तर आय ५ वरच कायमचा थांबतो. म्हणून वाढ कंटिन्यूच्या आधी करा, नाहीतर सरळ फॉर वापरा. मोजणीसाठी तोच बरा. डू-व्हाइलमध्येही उडी शेवटच्या अटीवरच जाते.

दुसरा सापळा स्विचचा. लूपच्या आत स्विच (किमतीनुसार पर्याय निवडणारी रचना) असेल तर त्यातला ब्रेक फक्त स्विचमधून बाहेर काढतो, लूप चालूच राहतो. कंटिन्यूला मात्र स्विच दिसतच नाही, तो लूपलाच लागू होतो. मेनू असलेल्या प्रोग्राममध्ये ‘बाहेर पडा’ हा पर्याय चालत नसेल, तर आधी हेच तपासा.

एकात एक लूप असतील तर ब्रेक फक्त सर्वांत आतला थांबवतो. दोन्ही थांबवायचे असतील तर फ्लॅग (थांबायचे की नाही हे लक्षात ठेवणारा व्हेरिएबल) ठेवून तो बाहेरच्या लूपच्या अटीतही तपासा, किंवा तो भाग वेगळ्या फंक्शनमध्ये टाकून रिटर्न करा. वाचायला दुसरा मार्ग सोपा. गोटूनेही (नाव दिलेल्या ओळीवर, म्हणजे लेबलवर, थेट उडी मारणारी सूचना) काम होते, पण त्याचे लेबल त्याच फंक्शनमध्ये असावे लागते.