भारत आणि चीनचं सेवाक्षेत्र: तुलना नेमकी कशी करावी

'भारताचं सेवाक्षेत्र ५५ टक्के, चीनचं ५६. म्हणजे दोघं बरोबरीत.' असं वाक्य वाचलं की आधी विचारा: कशाचे टक्के? आणि टक्के म्हणजे आकार का?

सुरुवात जागतिक बँकेच्या विकास निर्देशांकांपासून करा. 'सेवा, मूल्यवर्धन' (मूल्यवर्धन म्हणजे विक्रीतून विकत घेतलेला माल आणि सेवा वजा जाता उरलेली भर) या मालिकेचे कोड एनव्ही-एसआरव्ही-टीओटीएलने सुरू होतात. शेवटी झेडएस असेल तर जीडीपीतली टक्केवारी, सीडी असेल तर चालू डॉलर, केडी असेल तर स्थिर किंमतीचे, म्हणजे महागाईचा परिणाम वगळलेले, डॉलर. आकारासाठी सीडी घ्या, वाढीसाठी केडी. दोन्ही एकाच स्तंभात मिसळू नका.

आता शेती, उद्योग आणि सेवा यांचे झेडएस आकडे बेरजेत मांडून पाहा. चीनची बेरीज १०० येते, भारताची ९१ च्या आसपास. चूक तुमची नाही. भारत २०१५ पासून क्षेत्रांचं मूल्यवर्धन मूळ किंमतींत मोजतो, आणि वस्तूंवरचे निव्वळ कर (कर वजा अनुदान) नंतर वेगळे मिळवून जीडीपी काढतो. चीनमध्ये हे कर क्षेत्रांच्या आकड्यांतच धरलेले असतात. म्हणूनच भारताचे आर्थिक पाहणीतले ५५ टक्के जागतिक बँकेकडे ५० होतात: ५५ × ०.९१. प्रमाणाची तुलना करायची तर दोन्ही देशांत तीन क्षेत्रांच्या बेरजेनेच भागा. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

मग आकार. २०२३ साली चीनचा जीडीपी सुमारे १८ लाख कोटी डॉलर, भारताचा सुमारे ३.६. सेवांचा वाटा लावला की चीन १० लाख कोटी, भारत १.८. टक्के जवळजवळ सारखे आणि आकारात पाचपटीहून जास्त फरक! वर्षही तपासा: भारताचं '२०२३' म्हणजे एप्रिल २०२३ ते मार्च २०२४, चीनचं जानेवारी ते डिसेंबर.

डॉलरचा बाजारभाव सेवांना नीट लागू पडत नाही. केस कापणं, घरभाडं, शिकवणी सीमेपलीकडे विकली जात नाहीत, आणि गरीब देशात ती फार स्वस्त असतात. क्रयशक्ती समानतेच्या दराने (त्याच वस्तू-सेवांना कुठल्या देशात किती पैसे पडतात यावरून काढलेल्या दराने) भारताचा आकडा ढोबळमानाने चौपट होतो, चीनचा दुप्पट. म्हणजे ७ विरुद्ध २० लाख कोटी डॉलर, फरक तिपटीच्या आत. मात्र हा दर संपूर्ण जीडीपीसाठी काढलेला असतो, फक्त सेवांसाठी नव्हे. त्यामुळे हे उत्तर अंदाज म्हणूनच लिहा.

व्याख्येतल्या खाचाखोचा तक्त्याच्या तळटीपेत सापडतात. बांधकाम जागतिक बँक उद्योगात धरते, पण काही भारतीय तक्त्यांत ते सेवांमध्ये असतं. एवढ्यानेच आठ-नऊ टक्के इकडचे तिकडे होतात. कारखान्याने स्वतःचे सुरक्षारक्षक ठेवले तर त्यांचं काम उद्योगात मोजलं जातं, तेच काम कंत्राटदाराला दिलं की सेवांत. नवं काही न घडताही सेवाक्षेत्र 'वाढतं'.

जुन्या वर्षांची तुलना करताना तर फार जपा. चीनच्या २००४ च्या आर्थिक गणनेनंतर त्या वर्षाचा जीडीपी १६.८ टक्क्यांनी वाढवला गेला, आणि त्यातली सुमारे ९३ टक्के भर एकट्या सेवांची होती, वाटा ३१.९ वरून ४०.७ टक्क्यांवर गेला. छोटी दुकानं, खासगी वाहतूक, उपाहारगृहं आधी मोजणीतून सुटली होती. २०२३ च्या गणनेनंतरही त्या वर्षाचा जीडीपी २.७ टक्क्यांनी वर गेला. म्हणून जुन्या अहवालातला एक आणि नव्या मालिकेतला एक असे आकडे शेजारी ठेवू नका. संपूर्ण मालिका एकाच दिवशी उतरवा आणि ती तारीख तक्त्याखाली लिहा.

सेवा निर्यातीचा आकडा या तक्त्यात मिसळू नका. निर्यात ही एकूण विक्री असते, मूल्यवर्धन नव्हे. रोजगाराचा स्तंभ मात्र जरूर जोडा. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात भारतातले सुमारे ३० टक्के कामकरी सेवांत होते. चीनमध्ये २०२३ साली सुमारे ४८ टक्के. मूल्यवर्धनाचा वाटा जवळपास सारखा असूनही माणसांच्या वाट्यात एवढी तफावत आहे, आणि ती टक्केवारीच्या पहिल्या स्तंभात कुठेच दिसत नाही.