कलर थिअरी पाठ करण्यापेक्षा तलावपाळीवर करून बघा

कलर व्हील रंगवून रंगवून हात दुखतात पण रंग शेजारी शेजारी आले की काय करतात ते काही डोक्यात शिरत नाही. ते फोटो काढून शिरतं, आणि त्याला मोबाईल पुरतो.

सुरुवातीला ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून एक केशरी झेंडू आणा, आधी केळीच्या पानावर ठेवून फोटो काढा मग लाल कार्डपेपरवर, उजेड तोच पाहिजे आणि प्रो मोडमध्ये एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स लॉक करा, ऑटोवर ठेवलं तर फोन स्वतःच रंग बदलतो. पानावर झेंडू लालसर वाटतो, लाल कागदावर पिवळट, आणि एडिटिंग ॲपमधल्या कलर पिकरने बघितलं तर दोन्हीकडे जवळजवळ एकच रंग. शेव्हरल नावाच्या फ्रेंच केमिस्टने १८३९ मध्ये ह्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय.

आता माझा सगळ्यात आवडता एक्सरसाइज, हॅरिस शटर. तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर ट्रायपॉड लावा, बोटिंग चालू असताना जा, आणि फ्रेम अजिबात न हलवता थोड्या थोड्या वेळाने तीन फोटो काढा, फोकससुद्धा लॉक. घरी येऊन गिंपमध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) तिन्ही फोटो आरजीबीमध्ये डिकंपोज करा, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगळे करा, पहिल्याचा लाल चॅनल, दुसऱ्याचा हिरवा, तिसऱ्याचा निळा असे उचलून कंपोज करा, म्हणजे परत एका फोटोत जोडा. समोरच्या बिल्डिंगी, झाडांची खोडं नेहमीसारखी दिसतील कारण ती तिन्ही वेळा जागेवरच होती, पण जे हललं ते रंगीत होतं. गडद पाण्यावर पांढरी बोट असेल तर ती तीन जागी लाल, हिरवी, निळी दिसते. आणि चमकत्या पाण्यावर काळपट बोट असेल तर सायन, मजेंटा, पिवळी! कारण पहिल्या फोटोतल्या काळ्या बोटीने त्या जागचा फक्त लाल अडवला, हिरवा निळा तसाच राहिला, त्यांचा झाला सायन. ॲडिटिव्ह मिक्सिंग, म्हणजे रंगीत उजेड एकमेकांत मिसळणं, ह्याच्याहून सोपं कुठेच कळणार नाही. मॅक्सवेल नावाच्या स्कॉटिश फिजिसिस्टने १८६१ मध्ये लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून काढलेले रिबिनीचे तीन फोटो (काढले थॉमस सटनने) एकत्र दाखवले होते, युक्ती तीच.

कॅमेऱ्याशिवाय करायचं असेल तर हळद लावलेल्या कागदावर उन्हाने प्रिंट काढा. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा (गॅसजवळ नको), त्यात हळद कालवून फडक्यातून गाळा, जाड वॉटरकलर पेपरला लावून अंधारात सुकवा. वर पिंपळाचं पान, त्याच्यावर काच, आणि गच्चीत कडक ऊन, एप्रिल मे मध्ये काही तास, पावसाळ्यात नादच करू नका. उन्हाने बाजूचा पिवळा उडतो, पानाखालचा राहतो. मग हातमोजे घालून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, उरलेली हळद लालसर तपकिरी होते, हळदीला चुना लावून कुंकू करतात तेच हे. किती तास ऊन दिलं ते कागदामागे पेन्सिलने लिहाच, नाहीतर पुढच्या वेळी परत अंदाजपंचे. हे प्रिंट फिक्स होत नाही, उजेडात उडत जातं, म्हणून सुकल्या सुकल्या स्कॅन करा आणि सबमिशनपर्यंत काळ्या कागदात गुंडाळून ठेवा.