गिअरबॉक्सचं दुखणं: सर्व्हिस सेंटरला तिसरी फेरी मारण्याआधी

"साहेब, या मॉडेलला थोडा झटका असतोच." गिअरची तक्रार घेऊन गेलेल्या ऑटोमॅटिक गाडीच्या मालकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. कधी ते खरंही असतं. एएमटी गाडी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर यंत्राने बदलणारी) पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मान हलवतेच. पण खरी तक्रार असूनही गाडी जशीच्या तशी परत येते, त्यामागे बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात. झटका सर्व्हिस सेंटरच्या आवारात बसत नाही, आणि जॉब कार्डावर, म्हणजे सर्व्हिस सेंटर तक्रार लिहून घेतं त्या कागदावर, "जनरल चेकअप" एवढंच लिहिलेलं असतं. या दोन्हींचा बंदोबस्त मालकालाच करावा लागतो.

आधी आपल्या गाडीत गिअरबॉक्स कुठला आहे ते नक्की करा. ब्रोशरमधली नावं फसवी असतात. मारुतीची एजीएस म्हणजे एएमटी: साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, ज्यात क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम अ‍ॅक्च्युएटर करतो. ह्युंदाईची आयव्हीटी म्हणजे सीव्हीटी, तिच्यात पायऱ्यांचे गिअर नसतात, दोन पुली आणि एक पट्टा असतो. फोक्सवॅगन-स्कोडाची डीएसजी आणि टाटाची डीसीए हे दोन क्लचवाले डीसीटी. उरला टॉर्क कन्व्हर्टर, इंजिनची ताकद तेलातून गिअरकडे पाठवणारा, या सगळ्यांत जुना आणि ट्रॅफिकमध्ये सगळ्यांत सोशिक. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीला लागू पडलेला उपाय आपल्याला लागू पडेलच असं नाही.

मॅन्युअल गाडीचं निदान घरच्या घरी बरंच होतं. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो आणि चालू असताना अडतो, तर दोष बहुधा गिअरबॉक्सचा नसतो. क्लच पूर्ण सुटत नाही. मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारे) गळतोय का ते पाहा. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्या. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे.

ऑटोमॅटिकमध्ये पहिला संशयित बॅटरी. ऐकायला विचित्र वाटेल, पण एएमटी आणि डीसीटीचे अ‍ॅक्च्युएटर आणि कंट्रोल युनिट विजेवर जगतात. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ व्होल्टच्या खाली दाखवत असेल, किंवा स्टार्टर मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि अर्थिंगची तार तपासा. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. दुसरा संशयित इंजिन आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग. ब्रेक दाबून डी वरून आर वर टाकताना "धप्प" आवाज येतो तो पुष्कळदा फाटलेल्या रबराचा असतो. हजारो रुपयांचा गिअरबॉक्स उघडण्याआधी काही मिनिटांची ही तपासणी झालीच पाहिजे.

मग तेल. टॉर्क कन्व्हर्टरचं तेल सहसा लाल असतं. ते तपकिरी झालं असेल आणि जळका वास येत असेल तर आतले क्लच झिजले आहेत. सीव्हीटीला तिचंच तेल लागतं: होंडाला एचसीएफ-२, निसानला एनएस-३. "सगळ्याला चालतं" म्हणून बाहेर कुणी साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) ओतलं तर पट्टा घसरायला लागतो, आणि पुलीवर एकदा ओरखडे पडले की तेल बदलून फायदा नाही. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सची डिपस्टिकच नसते. गाडी रॅम्पवर सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला आल्यावर (अनेक गाड्यांत हे साधारण ३५ ते ४५ अंश असतं) ओव्हरफ्लो बोल्ट उघडून पातळी पाहतात. थंड गाडीवर नजरेने "लेव्हल ओके" लिहिलं असेल, तर पातळी कशी पाहिली ते विचारा. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढली असेल तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्यायेण्याच्या छिद्रातून, पाणी आत जाऊ शकतं. तेल दुधी दिसलं की लगेच बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नका.

ड्राय क्लचच्या डीसीटीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण सगळ्यांत चिवट तक्रारी याच्याच असतात. यात क्लच तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे उष्णता निघून जायला वाट कमी. घोडबंदर रोडवर तासभर रांगेत सरकताना किंवा कसारा घाटात ट्रकच्या मागे अडकल्यावर क्लच अर्धवट पकडलेल्या स्थितीत राहतो, तापतो आणि थरथरतो. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली तर ओव्हरहीटचा इशारा येणारच. पुढच्या गाडीशी दोन गाड्यांचं अंतर पडू द्या, मग एकदम पुढे जा; इंच इंच सरकू नका. असं चालवूनही, तापलेलं नसतानाही गाडी थरथरत असेल, तर दोष तुमच्या पायाचा नाही.

हे ठासून सांगण्याचं कारण आहे. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट या ड्राय क्लचच्या डीसीटी गिअरबॉक्सची थरथर ग्राहकांच्या चालवण्यामुळे होते असं ग्राहकांना सांगितलं जायचं. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने तक्रारी अशा हाताळल्याबद्दल फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. हाच गिअरबॉक्स भारतात सुरुवातीच्या इकोस्पोर्ट पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये होता. फोक्सवॅगनलाही २०१३ मध्ये चीनमध्ये डीएसजीसाठी ३ लाख ८४ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तेव्हा "सगळ्या गाड्यांना असंच होतं" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. सगळ्यांना होत असेल तर ती उलट जास्त मोठी तक्रार आहे.

आता नोंदी. दोन आठवडे वही ठेवा. प्रत्येक झटक्यामागे लिहा: तारीख, किलोमीटर, इंजिन थंड की गरम, किती मिनिटं चालली होती, कुठल्या गिअरमधून कुठल्या गिअरमध्ये, वेग, आरपीएम, चढ की सपाट, एसी चालू की बंद. "कधीकधी झटका मारते" यावरून मेकॅनिकला काहीच सापडत नाही. "२५ मिनिटं ट्रॅफिकमध्ये चालल्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना, १० ते १२ च्या वेगाला" यावरून सापडतं. शेजारी बसलेल्या माणसाकडून मीटर दिसेल असा व्हिडिओ काढून घ्या. चालवणाऱ्याने मोबाईल हातात धरू नये.

स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतं, गाडीने नोंदलेले दोषाचे कोड वाचण्यासाठी. त्यात बसणारा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर स्वस्तात मिळतो, पण साधी अ‍ॅप्स बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतात. पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये काहीतरी नोंदलेलं आहे. खरा कोड आत आहे. पी०७१५ आणि पी०७२० हे इनपुट आणि आउटपुट स्पीड सेन्सरचे, पी०७३० गिअरचं गुणोत्तर चुकल्याचा, पी०७४१ टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच न पकडल्याचा. कोड दिसला की फोटो काढा आणि तो पुसू नका. कोड पुसून गाडी सर्व्हिस सेंटरला नेणं म्हणजे पुरावा धुऊन मग फिर्याद द्यायला जाणं.

सर्व्हिस सेंटरला शनिवारी जाऊ नका, त्या दिवशी कुणाला वेळ नसतो. गरम गाडीतच त्रास होत असेल तर तासभर चालवून गरमच न्या, थंड सुरुवातीला होत असेल तर आदल्या रात्री तिथे उभी करा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला नव्हे, फोरमनला किंवा टेक्निकल माणसाला शेजारी बसवून ट्रायल घ्या. झटका बसला की तिथेच विचारा, "हाच. जाणवला ना?" आणि परत आल्यावर जॉब कार्डावर ट्रायलमध्ये दोष जाणवल्याचं लिहून घ्या. तक्रार तुमच्या शब्दांत, वहीतल्यासारखी लिहिली जाईपर्यंत सही करू नका. गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख, किलोमीटर दोन्ही वेळचे.

गाडी परत घेताना एवढं मागा: स्कॅनचा प्रिंट, बदललेल्या पार्टचा नंबर, सॉफ्टवेअर अपडेट केलं असेल तर आधीचं आणि नंतरचं व्हर्जन, आणि क्लच किंवा अ‍ॅक्च्युएटर बदलल्यावर लर्निंग केलं का. ही शेवटची गोष्ट फार वेळा राहते. नवा क्लच कुठे पकडतो हे कंट्रोल युनिटला शिकवावं लागतं. ते केलं नाही तर नवा क्लचही जुन्यासारखाच झटके देतो आणि मग "पार्ट बदलूनही फरक नाही" म्हणून दुसराच पार्ट बदलला जातो. नुसतं लर्निंग करून गाडी परत दिली तर आठवडाभर छान चालते आणि मग पुन्हा पहिल्यासारखेच झटके देते. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा लर्निंगला तयार होऊ नका, कंपनीच्या फील्ड इंजिनीअरची तपासणी मागा. "दोष आढळला नाही" असं लिहिलेलं जॉब कार्डही जपून ठेवा. अशी चार कार्डं एकाच तक्रारीची असतील तर तो तुमचाच पुरावा आहे.

वॉरंटीचं पुस्तक वाचा. क्लच प्लेट बहुतेक कंपन्या झिजणारा पार्ट म्हणून वॉरंटीबाहेर ठेवतात. वॉरंटी संपत आली असेल तर तक्रार मुदतीच्या आत ईमेलने नोंदवा, दुरुस्ती नंतर झाली तरी चालेल. फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी "आज आपण असं म्हणालात" अशी दोन ओळींची ईमेल पाठवा, डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकत्र.

चालत्या गाडीत गिअर सुटणं किंवा हायवेवर ताकद जाणं हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. १ एप्रिल २०२१ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, आणि मालकाला वाहन पोर्टलवर तक्रार करता येते.

एवढ्यावरही हलत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टने, पोच जपून, आणि नंतर ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. १२ लाखांच्या गाडीला ४०० रुपये फी. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, पण कुणाची चूक काय ते वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका खटल्यात डीलरने जुनी गाडी नवी म्हणून विकली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं नाही, कारण डीलरच्या कृत्याची तिला माहिती होती हे दाखवलं गेलं नव्हतं.

मागणी करतानाही भान ठेवा. क्लचच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अख्खी गाडी बदलून द्यायचा आदेश रद्द केला होता, कारण वॉरंटी फक्त सदोष भाग बदलण्याची होती. म्हणून आधी गाडी बदलणं, ते नाही तर नवा गिअरबॉक्स वाढीव वॉरंटीसह, आणि गाडी वर्कशॉपमध्ये पडून असलेल्या दिवसांच्या टॅक्सीचा खर्च, अशा उतरत्या क्रमाने मागा. "गाडी ४० हजार किलोमीटर चालली, मग दोष कसला?" हा कंपनीचा ठरलेला युक्तिवाद असतो, पहिल्या दोन-तीन हजार किलोमीटरमधलं जॉब कार्ड त्यावर कामी येतं. तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय बरीच प्रकरणं तिथेच पडतात, म्हणून गाडी मान्य प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावी असा अर्ज तक्रारीसोबतच द्या. तपासणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागेल. आणि ती तपासणी होईपर्यंत गाडी विकू नका, बाहेरच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडू देऊ नका.