सावलीतलं रोप उन्हात नेताय? या चुका टाळा

कोयनेच्या बाजूला शेडनेटखाली वाढलेली जांभळाची चाळीस रोपं आम्ही आटपाडीच्या माळावर लावली, ती ऐन मे महिन्यात. चार दिवसांत पानांवर पांढुरके चट्टे उठले. लोह कमी पडलं असं समजून फवारणी केली आणि आठवडा वाया घालवला.

तेव्हा एकच गोष्ट बघायला हवी होती. चट्टे फक्त उन्हाकडे तोंड केलेल्या पानांवर होते. वरच्या पानाची सावली जिथे पडत होती, तेवढा भाग हिरवागार. लोह कमी असलं की आधी कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात आणि ऊन-सावलीचा तिथे संबंध नसतो. म्हणून फवारणीआधी पान उलटून, वाकवून नीट बघा.

सावलीतलं पान अशक्त असतं, ही समजूत मुळातच चुकीची आहे. ते पातळ, रुंद असतं आणि थोडा उजेडही वाया जाऊ नये अशीच त्याची घडण असते. भर उन्हाच्या पाव हिश्श्यातच बहुतेक अशा पानांचं पोट भरतं. उरलेल्या उजेडाचं करायचं काय? पानातलं व्हायोलाझँथिन हे पिवळं रंगद्रव्य काही मिनिटांत झियाझँथिन या दुसऱ्या रंगद्रव्यात बदलतं आणि जादा ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. सावलीतल्या पानात या रंगद्रव्यांचा साठा कमी असतो. मग प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतलं डी-१ हे प्रथिन मोडायला लागतं. पान ते पुन्हा बनवतं, पण मोडण्याचा वेग बनवण्यापेक्षा वाढला की हरितद्रव्य जातं आणि पान पांढरं पडतं.

दुसरी चूक पाण्याची. आटपाडी, जतकडे दुपारी कोरडा वारा सुटला की पान पाणी वाचवायला आपली रंध्रं मिटून घेतं. कार्बन डायऑक्साइड आत येणं कमी होतं, ऊन मात्र तेवढंच कोसळत राहतं. म्हणजे तहानलेल्या रोपाला तेच ऊन जास्त बाधतं. लागवडीच्या आदल्या संध्याकाळी पिशवी पूर्ण भिजवा.

थंडीतही हेच घडतं, ते कुणी लक्षात घेत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, अशा सकाळी पानातली विकरं (अन्न बनवणारी एन्झाइम) मंदावलेली असतात आणि ऊन लख्ख असतं. नाजूक रोपांवर पूर्वेकडून आडोसा हवाच.

याउलट, भीतीपोटी दुहेरी नेट लावू नका. फांद्यांतून पडणारे कवडसे रोपाला मोलाचे असतात. पहिल्या कवडशाला पान जागं व्हायला काही मिनिटं घेतं, पण थोड्या वेळाने आलेला पुढचा कवडसा ते लगेच वापरतं.

रोप हळूहळू बाहेर काढा: आधी सकाळचं तासभर ऊन, मग दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवत दोन-तीन आठवडे. शक्य असेल तर जून-जुलैच्या ढगाळ दिवसांत लावा. तयार झालेलं पातळ पान नंतर जाड होत नाही. उन्हाचं पान नव्या फुटव्यातूनच येतं. म्हणून करपलेली पानं ओरबाडू नका. त्यांचा हिरवा राहिलेला भाग अन्न तयार करत असतो. आमच्या जांभळांना जुलैत नवी पालवी आली, आखूड, जाड आणि चकचकीत, आणि ऑगस्टच्या उघडिपीत तिच्यावर एकही चट्टा पडला नाही.